खोकल्याचं कारण

धर्मराज घरत यांचा खोकला कोरडा होता, पण माणूसघाणा नव्हता. सगळ्यांशी संबंध ठेवून होता. खांदा कॉलनीतल्या त्यांच्या इमारतीचा वॉचमन त्या खोकल्यावरून घरत दूध आणायला उतरले हे ओळखायचा, समोरच्या फ्लॅटमधली बाई तो ऐकून कुकरखालचा गॅस बंद करायची, आणि गणपतीत सोसायटीच्या आरतीला घरत उभे राहिले की मागची पोरं टाळांचा ठेका सोडून खोकल्याचा धरायची. करोनाच्या साली मात्र संबंध जरा बिघडले. ते लिफ्टमध्ये शिरले की उरलेली मंडळी जिना चढण्याचे फायदे सांगत बाहेर पडत. फायदे खरेच असल्यामुळे कोणाला काही बोलता येत नसे.

घरात त्यांना आबा म्हणत, आपणही तेच म्हणू. आबा एसटीच्या पनवेल आगारात वाहतूक नियंत्रक होते. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागते हे माईकवरून सांगण्यात त्यांचं आयुष्य गेलं. निवृत्तीच्या आदल्या वर्षी हा खोकला लागला, आणि गाडी अलिबागला जाते की महाडला हे प्रवाशांना कळेना. साहेबांनी माईक दुसऱ्याकडे दिला. उरलेले महिने आबा खिडकीत बसून नुसते खोकले. निरोपाच्या भाषणात साहेब म्हणाले, "घरतांचा आवाज आपल्या कानात कायम राहील." लोक हसले, आबाही हसले, आणि हसल्यामुळे खोकले.

आबांच्या लहानपणी, ओवे गावात, घरातला मोठा पुरुष ओटीवरून आत येताना खाकरत असे. तेवढ्यात सुनेला पदर नीट करायला, सासूला बोलण्याचा विषय बदलायला आणि पोरांना विडी विझवायला सवड मिळे. आता दोन बेडरूमच्या फ्लॅटला ओटी नव्हती आणि सून स्नेहल पदर घेत नव्हती. पण खोकल्यामुळे रिवाज आपोआप पाळला जात होता. आबा पॅसेजमध्ये आले की स्वयंपाकघरातलं बोलणं कोथिंबिरीच्या भावावर यायचं. आबांना वाटायचं, आपल्या घरात कोथिंबिरीबद्दल फार बोलतात.

नात समृद्धी नववी पास झाली, त्या आठवड्यात मुलगा केतन जेवताना ताटाकडे बघत म्हणाला, "आबा, उलव्याला एक फ्लॅट बघितलाय. भाड्यानं. समूच्या दहावीपुरता. मला पण कामाचं कंटेनर यार्ड जवळ पडेल."

"म्हणजे आपण सगळे?"

"आम्ही तिघं. तिला अभ्यासाला शांतता पाहिजे ना. तुमच्या खोकल्यानं... म्हणजे तुमचा दोष नाही."

"माझा कसा असेल? खोकल्याचा."

"तेच."

"आणि दहावी झाल्यावर?"

"मग बघू."

आबांच्या गावानं नव्या शहरासाठी जमिनी दिल्या तेव्हा समोर बसलेले साहेब लोकही हेच दोन शब्द बोलले होते. त्यामुळे अर्थ विचारावा लागला नाही.

आबांना एकटं राहायची भीती वाटत होती. ही गोष्ट ज्या एका माणसाला सांगता आली असती ती त्यांची बायको, सत्यवती, करोनाच्या आधीच गेली होती. तेव्हा त्यांनी ती कोणाला सांगितली नाही. मनाशी एवढंच सोपं करून ठेवलं, की खोकला गेला तर ही तिघं जाणार नाहीत.

तसे प्रयत्न आधीही झाले होते. टीबी निघाला नाही म्हणून पहिला डॉक्टर निराश झाला होता. दुसऱ्यानं पित्त म्हटलं, आबांनी चहा सोडला. तिसऱ्यानं ॲलर्जी म्हटलं, तेव्हा घरातल्या उशा, पडदे आणि शेजारणीचं मांजर यांच्यावर संशय आला. चौथ्यानं दमा म्हणून पंप दिला. शेवटी आबांनी सुकी मासळी सोडली. आगरी माणसानं सुकी मासळी सोडली की उपाय संपले असं समजायला हरकत नाही. सगळे फोटो आणि स्कॅन उजेडात धरून झाल्यावर सगळे डॉक्टर एकाच वाक्यावर यायचे: "कारण सापडत नाही."

या वेळी ते नवीन पनवेलमध्ये डॉ. कीर्ती दांडेकरांकडे गेले. या छातीच्या डॉक्टर होत्या, वयानं केतनपेक्षा लहान, आणि पेशंटचं बोलणं पूर्ण ऐकायच्या. आबांना सवय नसल्यामुळे ते मध्येच थांबून त्या काही बोलतायत का याची वाट बघत होते.

"बोलताना येतो खोकला? फोडणीनं? अगरबत्तीनं? हसताना?"

"बोलताना येतो. हसण्याचं अलीकडे सांगता यायचं नाही."

डॉक्टरांनी घसा बघितला, छाती ऐकली, जुने कागद चाळले. मग म्हणाल्या, "काका, छाती स्वच्छ आहे. दोष नसांत आहे. घशातून मेंदूला निरोप नेणाऱ्या नसा तुमच्या फार हळव्या झाल्यात. एखाद्या सोसायटीत असा वॉचमन असतो बघा, पान पडलं तरी शिट्टी मारतो. तसं झालंय."

"मग काढून टाकायचा का वॉचमन?"

"काढायचा नाही. जरा गुंगीत ठेवायचा. एक गोळी आहे, गाबापेंटिन. मूळची फिटसाठी आणि नसांच्या दुखण्यासाठी. अशा खोकल्यावर काहींना लागू पडते, काहींना नाही. कमीपासून सुरू करू. झोप येईल, थोडी चक्कर येईल. गाडी चालवू नका."

"मला एसटीचा पास आहे," आबा म्हणाले.

मेडिकलवाला मिथुन चिठ्ठी वाचून काउंटरवर पुढे वाकला. "काका, घरात फिट कोणाला येते?"

"कोणाला नाही. खोकल्याची आहे ती."

मिथुननं चिठ्ठी परत वाचली आणि आबांकडे मायेनं बघितलं. "बरोबर. कोणी विचारलं तर खोकल्याचीच सांगायची."

गोळी सुरू झाली. सुरुवातीला आबा दुपारचे बातम्या बघता बघता झोपायचे आणि जागे झाल्यावर त्याच बातम्या चालू असल्यामुळे आपण झोपलो होतो हे त्यांना कळायचं नाही. एके सकाळी फिरायला गेले असताना वडाळे तलाव एका बाजूला कलला. आबा बाकाला धरून बसले आणि तलाव सरळ होण्याची वाट बघितली. डॉक्टरांनी डोस हळूहळू वाढवला. मग एका दुपारी त्यांच्या लक्षात आलं की पूर्ण मालिका बघून झाली, जाहिरातींसकट, आणि आपण खोकलो नाही. हेच सुख असावं असं त्यांना वाटलं. गोळीमुळे नक्की सांगता येत नव्हतं.

आणखी काही दिवस खात्री करून त्यांनी संध्याकाळच्या चहाला जाहीर केलं, "खोकला गेला."

"आबा, फुल सायलेंट मोड!" समृद्धीनं टाळ्या वाजवल्या.

"अरे वा," केतन म्हणाला. साहेबाची बदली रद्द झाल्याचं कळल्यावर ऑफिसात म्हणतात, तसं. स्नेहलनं केतनकडे बघितलं. आबांनी ते बघणं बघितलं, पण त्याचा विचार करेपर्यंत त्यांना डुलकी लागली.

त्यानंतर घरात भांडी पडायला लागली. आबा पाणी प्यायला स्वयंपाकघरात जायचे आणि स्नेहल किंचाळून हातातलं काहीतरी सोडायची.

"आबा! केवढ्यानं दचकले! जरा आवाज करत जा ना येताना."

"कसला आवाज करू?"

"कसला पण. खोका, नाहीतर..." एवढं बोलून ती फुटलेली कपबशी गोळा करू लागली.

माणूस घरात कुठे आहे हे न कळणं फार वाईट. बाथरूमचं दार, बेडरूमचं दार, फ्रीजचं दार, कुठल्याही दाराच्या पलीकडे आबा असू शकत होते. केतन फोनवर बोलताना आधी पॅसेजमध्ये डोकावायचा. त्यानं आबांसाठी चालताना वाजतील अशा चपला आणल्या. त्या नेमक्या रबरी निघाल्या, आणि आबा आधीपेक्षाही हळू वाजू लागले.

एका शनिवारी दुपारी आबा बाजारातून आले. कचरा न्यायला बाई आली होती, म्हणून दार उघडंच होतं. ते चपला काढत होते. आधीचे आबा असते तर तळमजल्यापासूनच ऐकू आले असते.

"आता लोकांना काय सांगायचं?" स्वयंपाकघरात स्नेहल विचारत होती.

"कशाचं?" केतनचा आवाज.

"खोकला गेला ना त्यांचा. ओव्याची सगळी भावकी विचारणार, म्हाताऱ्याला टाकून का गेलात. समूची दहावी आणि आबांचा खोकला, कसं नीट बसत होतं."

"मग नको जाऊया."

आत नळ चालू होता. मग तो बंद झाला.

"केतन, मी खोकल्यासाठी चालले होते का? मला एकदा माझ्या घरात माझ्या मनासारखं पाय पसरून बसायचंय. लग्न झाल्यापासून बसले नाहीये. ते वाईट नाहीत रे. वाईट असते तर सोपं होतं."

"माहितीय मला."

"तुला पण जायचंय. नाही? सांग ना. मी एकटीच वाईट कशाला?"

केतन काही बोलला नाही. हो म्हणायचं असलं की तो लहानपणापासून बोलायचा नाही.

"ती गोळी बघितलीस त्यांची?" स्नेहल पुन्हा म्हणाली. "नेटवर वाचलं मी. फिटची आहे. मूड बदलतो लिहिलंय, नको नको ते विचार येतात लिहिलंय. डोक्याची गोळी चालू आहे म्हटलं की कोणी पुढे विचारत नाही. आणि खरंच, समूला दिवसभर त्यांच्याबरोबर एकटं कसं ठेवायचं?"

"डोक्याची नाही, नसांची आहे ती."

"मग नसा जातात कुठे?"

आबांच्या खोकल्याचं कारण इतक्या डॉक्टरांनी शोधलं होतं. खोकला हेच कोणाचं तरी कारण असेल हे एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं. आणि आता आबांनी औषध घेऊन घरातलं एकमेव चांगलं कारण बरं करून टाकलं होतं.

आपण आलोय हे सांगावं म्हणून त्यांनी दारात खोकायचा प्रयत्न केला. आला नाही. मग ते चपला घालून बाहेर सरकले आणि आपल्याच घराची बेल वाजवली.

"या ना आबा, दार उघडंच आहे," स्नेहल आतून म्हणाली. "कोथिंबीर मिळाली का?"

पुढच्या आठवड्यात ओवे गावात चुलतभावाच्या, म्हणजे रामूच्या, पुतण्याची हळद होती. मांडवात डीजे एवढा मोठा होता की नवऱ्या मुलाची छाती आपोआप नाचत होती. आबा बऱ्याच वर्षांनी खोकल्याशिवाय आले होते. कोणीतरी कौतुक करील अशी त्यांना थोडी अपेक्षा होती. रामूनं त्यांना हाताला धरून, पायरी नसताना "पायरी हाय, पायरी हाय" करत खुर्चीत बसवलं.

"काय रं धर्मा, खोकला गेला म्हनं?"

"गेला."

"डोक्याची गोली लागू परली?"

"नसांची हाय ती."

"तेच रं! आमचे मामाला पन नसांचीच सांगलेली. मंग येक दिवस गेला कपरं सोरून शेतान." रामू मनापासून हसला आणि आबांच्या मांडीवर थाप मारली. "तू काय टेन्शन घेव नको. आमी हाव ना."

आबांना कोल्ड्रिंक आलं. ते पुतण्याच्या मित्रानं लांबून, हात पूर्ण ताणून दिलं. त्यांच्याशी जो तो सावकाश बोलत होता, एकेक शब्द सुटा करून, परदेशातून आलेल्या पाहुण्याशी बोलावं तसं. मग गुणाबाई आल्या. या भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या काकी. त्यांनी आबांच्या चेहऱ्यासमोर चेहरा आणला.

"धर्मा, मना वलखलंस का?"

"काकी, काल तुमीच फोन केलेला. हळदीला ये म्हनून."

"वलखतंय, वलखतंय," काकींनी मागे वळून सगळ्यांना सांगितलं. मांडवात समाधान पसरलं.

मग डीजेवाल्यानं गाणं बदलायला आवाज बंद केला, आणि काकी शेजारच्या बाईच्या कानात ओरडून सांगत होत्या ते मधल्या शांततेत सगळ्यांना ऐकू आलं: "नात हाय ना त्याला मोठी. उद्या लगीन निंगाल तं लोकां बोलतील, घरान्यातच हाय."

समृद्धी तिकडे चुलत बहिणींबरोबर गालाला हळद लावून फोटो काढत होती. तिनं ऐकलं की नाही हे कळलं नाही. गाणं सुरू झालं.

केतन आणि स्नेहल जाणार हे आबांना त्या शनिवारीच कळलं होतं. प्रश्न एवढाच उरला होता, की दोघं काय सांगून जाणार. खोकला सांगून गेली असती तर घराला बट्टा नव्हता. खोकला कोणालाही होतो. त्याच्यावर सल्ला देता येतो. त्याचं नाव कोणी पोरीच्या लग्नात काढत नाही.

ते डॉ. दांडेकरांकडे गेले. "गोळी बंद करायचीय."

"का? चक्कर फार येते का? गुण तर आलाय ना?"

"आलाय. म्हणूनच."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. आबांनी मग घरचं काही न सांगता, गोळी सोसत नाही एवढंच सांगितलं.

"ठीक आहे. पण एकदम थांबवायची नाही, हळूहळू उतरवायची."

"उतरवली की खोकला परत येईल ना?"

"काहींचा येतो. पण काहींच्या नसा एकदा शांत झाल्या की शांतच राहतात. आशा ठेवूया."

दोघांनीही आशा ठेवली. ती एकाच गोष्टीची नव्हती, एवढंच.

गोळी उतरली, बंद झाली. तलाव जागेवर राहू लागला, दुपारची झोप गेली, डोकं लख्ख झालं. त्यामुळे स्नेहल फोनवर घरमालकाशी काय बोलते ते आता नीट समजायचं. खोकला मात्र आला नाही. आबांनी देवासमोर मुठीएवढ्या अगरबत्त्या लावल्या. मिरचीच्या फोडणीवर वाकून उभे राहिले. नेरेकडच्या रस्त्यावर खडीचे डंपर जातात तिथे टपरीवर जाऊन बसले आणि तोंड उघडं ठेवून धूळ घेतली. सुके बोंबील परत सुरू केले, ते नुसते चविष्ट लागले. मिथुनच्या दुकानात उभं राहून "खोकला येण्याचं काही असतं का?" असंही त्यांनी विचारून बघितलं. मिथुन "काका, बसा तुम्ही, मी केतनदादांना फोन करतो" म्हणाला, तेव्हा ते घाईनं निघाले.

शेवटी स्वतःच खोकायचं ठरलं. बाथरूमचा नळ सोडून त्यांनी सुरुवात केली. पहिला खोकला गावातल्या नाटकात पाटील विंगेतून येताना काढतो तसा झाला. दुसऱ्यात ओकारी आली. आबांच्या लक्षात आलं, की इतकी वर्षं आपण खोकलो, पण तो ऐकला दुसऱ्यांनी. आपल्याला त्याची चाल माहीत नाही.

समृद्धीनं गंमत म्हणून आबांच्या नंबराला त्यांच्याच खोकल्याची रिंगटोन लावून ठेवली होती. आबा तिला फोन करू लागले.

"आबा, मी समोर बसलेय! सारखा फोन काय करता?"

"लागतो का बघतोय."

दोन आखूड, एक लांब, मग श्वास ओढल्याचा आवाज, मग पुन्हा दोन. आबा ऐकत राहिले. पूर्वी माईकवरून नवीन गाडीचं नाव सांगायचं असलं की ते असंच मनाशी घोळवायचे.

रविवारी सगळे जेवायला बसले असताना त्यांनी घास गिळला, पाण्याचा पेला उचलला आणि खोकले. दोन आखूड, एक लांब.

स्नेहलचा डाव आमटीत थांबला. केतननं मान वर केली. त्याच्या चेहऱ्यावरचं कुठलंतरी खिळ्याला अडकलेलं कापड सुटल्यासारखं झालं.

"परत सुरू झाला?"

"झाला. गोळी बंद केली ना. डॉक्टर म्हणाल्या, डोक्याचं काही नाहीच. साधा खोकला आहे."

"साधाच?"

"एकदम साधा."

केतननं जेवण झाल्यावर गॅलरीत उभं राहून रामूला फोन केला. पूर्वी तो असे फोन दार लावून करायचा. "नाही ओ रामूकाका, डोक्याचं कुठलं! खोकलाच आहे. हो ना, तोच जुना. काय करणार, समूची दहावी आहे. जीव तुटतो, पण..." आबा दिवाणावर बसून मधून मधून खोकत होते, म्हणजे फोनमध्ये तेवढं ऐकू जाईल.

त्यानंतरच्या दिवसांत घरात जितकी माया होती तितकी सत्यवती गेल्यावर कधी नव्हती. स्नेहल काढा करायची. केतन आल्याबरोबर "कसा आहे खोकला?" विचारायचा आणि बरा नाही ऐकून बूट काढायचा. भांडी पडायची थांबली. आबा कुठे आहेत हे सगळ्यांना कळत होतं. आबा पॅसेजमध्ये येताना न विसरता खोकत आणि आत बोलणं कोथिंबिरीवर येई. कोणाचं कोणाशी भांडण नव्हतं. असंच चालू राहिलं तर कदाचित, असं आबांना एक दिवस वाटलं. त्या एका दिवशी त्यांनी केतनला विचारून बघितलं.

"केतन, समूच्या अभ्यासाच्या वेळी मी खाली बागेत जाऊन बसलो तर? मला तसं पण बरं वाटतं बागेत. जेवायला वर येईन."

केतननं रिमोट खाली ठेवला. "आबा, तुम्हाला खाली बसवून आम्ही वर पंखा लावून बसायचं? लोक काय म्हणतील?"

"तेही खरंय," आबा म्हणाले, आणि खोकले.

जायच्या दिवशी टेम्पो सकाळीच आला. ओव्याहून रामू आणि दोन-चार पोरं सामान उतरवायला आली. समृद्धीचं टेबल, कपाटं, स्नेहलच्या माहेरची शिलाई मशीन. गुणाबाईंना आणलं नव्हतं, पण त्यांनी रामूच्या फोनवरून स्पीकर लावून धर्माला काळजी घ्यायला सांगितलं आणि लसूण मधात घालून खायला सांगितला. आबा दारात खुर्ची टाकून बसले होते. सामान घेऊन जाणारा प्रत्येक जण समोरून जाताना ते खोकत होते, आणि प्रत्येक जण मान हलवून "लयच वाढलाय" म्हणत होता. समृद्धीनं गळ्यात हात टाकले. "आबा, मी शनिवार-रविवार येणार. पक्कं." ती खाली गेली. केतन पाया पडला. त्याला बोलता येईना, म्हणून आबा त्याच्या वतीनं खोकले.

सगळे उतरले. मिक्सरचं झाकण राहिलं म्हणून स्नेहल परत वर आली. ती पॅसेजमध्ये दिसताच आबांनी पुन्हा सुरू केलं. दोन आखूड, एक...

"आबा, पुरे. वर कोणी नाहीये आता."

आबा मध्येच थांबले. स्वयंपाकघराच्या ओट्यावर झाकण होतं. ती ते घ्यायला गेली नाही.

"कधीपासून माहितीय तुला?"

"पहिल्या दिवसापासून. खरा यायचा तेव्हा तुम्ही आधी डोळे मिटायचात. आता बघत बघत खोकता. कोण ऐकतंय ते बघता."

"केतनला सांगितलंस?"

तिनं मान हलवली. नाही.

आता ही काहीतरी बोलेल असं आबांना वाटलं. तिलाही वाटलं असावं, कारण तिनं दोनदा तोंड उघडलं. रिकाम्या खोलीत भिंतीवर कपाटाएवढा एक चौकोन पांढराशुभ्र राहिला होता, त्याच्याकडे दोघं जण बघत राहिले. खालून टेम्पोवाल्यानं हॉर्न दिला. स्नेहल वाकली, आबांच्या पायाला हात लावला, आणि हात जरा जास्त वेळ तिथेच राहिला.

"येते आबा."

जाणारं माणूस 'येते' म्हणतं. आपल्याकडे तशी पद्धत आहे.

"झाकण घे," आबा म्हणाले. "आणि उतर लवकर. मी गॅलरीत येतो."

"कशाला? राहू दे ना आता."

"खालचे ऐकतायत ना सगळे. गाडी निघेपर्यंत असू दे."

ती झाकण घेऊन उतरली. आबा गॅलरीत गेले, कठड्याला धरून उभे राहिले आणि खोकले. खाली सगळ्यांनी वर बघितलं. वॉचमननं बघितलं, समोरच्या फ्लॅटमधल्या बाईनं बघितलं. रामूनं कोणालातरी, सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं सांगितलं, "ऐकतंस ना? आता पोरां तरी काय करतील? पोरीनी अभ्यास कसा करावा यात?" त्यावर दोन-तीन माना हलल्या. केतननं पुढच्या सीटवर बसून दार लावलं. स्नेहल वर बघत नव्हती.

टेम्पो गेटमधून बाहेर पडला. आबा खोकत राहिले. टेम्पो कोपऱ्यावर वळला, मोठ्या रस्त्याला लागला, दिसेनासा झाला, तरी खोकत राहिले. घसा आता खरोखर सोलला होता. रामू अजून खाली तंबाखू मळत उभा होता.